ओळीच्या शेवटी लपलेलं चिन्ह

आमच्या वाचनालयातल्या जुन्या दिवाळी अंकांचे स्कॅन वर्षवार फोल्डरांत लावायचं काम मी हाती घेतलंय. उबुंटू ही लिनक्स प्रणाली मला नवीन. भाचीने विंडोजवर लिहून पाठवलेली शेल स्क्रिप्ट, म्हणजे आदेशांची फाइल, चालवली, तर टर्मिनल म्हणालं, 'बॅड इंटरप्रिटर': स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम सापडत नाही. त्या प्रोग्रॅमचं, म्हणजे बॅशचं, नाव सांगणारी पहिली ओळ तर बरोबर दिसत होती, बॅशही जागेवर होतं.

अशा वेळी डोळ्यांवर विसंबू नये. फाइल दाखवणाऱ्या 'कॅट' आदेशाला वजा आणि कॅपिटल 'ए' जोडून फाइल पाहिली, तेव्हा प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरट-एम (^M) दिसलं. विंडोज ओळ संपवताना दोन चिन्हं ठेवतं, लिनक्स एकच. जास्तीचं चिन्ह लिनक्सला इंटरप्रिटरच्या नावाचा भाग वाटतं, आणि तसा प्रोग्रॅम सापडणार कुठून? ही जास्तीची चिन्हं काढणाऱ्या 'डॉसटूयुनिक्स' आदेशाने फाइल साफ झाली.

मग दुसरी अडचण. 'दिवाळी अंक १९७२' या एका नावाचे तीन तुकडे होत होते. व्हेरिएबल, म्हणजे किंमत साठवणारं नाव, अवतरणाविना लिहिलं की बॅश त्याची किंमत मोकळ्या जागांवर तोडतं. बॅश १९८९चं, पण ही खोड त्याआधीच्या बोर्न शेलपासूनची. डॉलरसकट नाव दुहेरी अवतरणात घातलं की झालं. हे कळलं ते स्क्रिप्ट 'बॅश वजा एक्स'ने चालवल्यामुळे; प्रत्येक आदेश प्रत्यक्षात कसा चालतो ते त्यात समोर येतं. नवशिक्यासाठी याहून चांगला शिक्षक मला माहीत नाही.

फाइली हलवण्याआधी, हलवणाऱ्या 'एमव्ही' आदेशाच्या आधी नुसता मजकूर छापणारा 'इको' लावून यादी छापून घेतली. ती नीट वाचली, मगच 'इको' काढलं.