दूध तोडलेल्या पिल्लांची हगवण आणि ई. कोलायची जनुके

दूध तोडल्यानंतर आठवडा-दोन आठवड्यांत डुकराची पिल्ले हगवणीने दगावू लागली, की विष्ठेचा नमुना प्रयोगशाळेत जातो आणि अहवाल येतो : ‘ई. कोलाय (आतड्यात राहणारा एक जिवाणू) आढळला.’ माझ्या मते या अहवालातून जवळजवळ काहीच कळत नाही, कारण ई. कोलाय धडधाकट डुकराच्या आतड्यातही असतोच. त्या जिवाणूकडे कोणती जनुके आहेत, हे पीसीआर (ठरावीक जनुक आहे का ते शोधणारी चाचणी) करून पाहिल्याशिवाय निदान पुढे सरकत नाही.

ही जनुके मुख्यतः दोन कामांची असतात. पहिले काम चिकटण्याचे. लहान आतड्यातून अन्नद्रव सतत पुढे ढकलला जात असतो, आणि ज्याला भिंतीला धरून राहता येत नाही तो जिवाणू त्याबरोबर वाहून जातो. रोगकारक प्रकारांच्या अंगावर एफ४ (जुने नाव के८८) किंवा एफ१८ जातीचे केसासारखे प्रथिनतंतू असतात व त्यांच्या आधारे ते आतड्याच्या पेशींना चिकटतात. दुसरे काम विष बनवण्याचे. एलटी हे विष पटकीच्या विषाचे जवळचे भावंड आहे. एसटीए अवघ्या १८ अमिनो आम्लांचे आहे, आणि एसटीबी हे तिसरे. पेशींमधील संदेशवहन बिघडवून ही विषे क्षार आणि पाणी आतड्याच्या पोकळीत ओतायला लावतात. शवविच्छेदनात लहान आतडे पाण्याने फुगलेले दिसते, जठरात बहुधा न पचलेले खाद्य भरलेले असते, आणि तरीही आतड्याच्या अस्तराला फारशी इजा दिसत नाही. पिल्लू मरते ते शरीरातले पाणी संपल्यामुळे.

दोन्ही कामांची जनुके एकत्र लागतात, हे ब्रिटनमध्ये विल्यम्स स्मिथ आणि लिंगूड या संशोधकांनी १९७१ मध्ये फार सुबकपणे दाखवले. के८८ आणि विषाची जनुके वेगवेगळ्या प्लास्मिडांवर, म्हणजे एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या कड्यांवर असतात. त्यांनी रोगकारक जिवाणूतून एकेक प्लास्मिड काढून तो पिल्लांना पाजला. के८८ गेले की हगवण लावण्याची ताकद बव्हंशी गेली, ते परत घातल्यावर ती परतली. विषाच्या प्लास्मिडाचेही तेच. रक्तपेशी फोडणाऱ्या हीमोलायसिनचे प्लास्मिड काढल्याने मात्र फरक पडला नाही. गंमत अशी की रक्तमिश्रित माध्यमावर जिवाणूंच्या वसाहतीभोवती दिसणारे ते स्वच्छ वलय आजही प्रयोगशाळेत संशयाची पहिली खूण मानले जाते, आणि खूण म्हणून ते उपयोगीही आहे.

पण जिवाणूची जनुके हा निम्माच हिशोब झाला. पिल्लाच्या आतड्यात तंतूला धरायला ग्राहक, म्हणजे पेशीवरची जुळणारी जागा हवी. एफ१८ चा ग्राहक नवजात पिल्लात जवळपास नसतो आणि वयाबरोबर वाढतो, म्हणून एफ१८ चा उपद्रव दूध तोडल्यानंतरच दिसतो. एफ४ मात्र जन्मल्यापासून गाठू शकतो. त्यातच डुकरिणीच्या दुधातली प्रतिपिंडे दूध तोडल्याच्या दिवशीच बंद होतात, खाद्य बदलते, सोबतची पिल्ले बदलतात. काही डुकरांमध्ये एफयूटी१ या जनुकाचा असा प्रकार असतो, की दोन्ही प्रती तशाच असल्यास एफ१८ ला चिकटायला जागाच मिळत नाही. अशी पिल्ले जिवाणू पोटात गेल्यावरही निरोगी राहतात, आणि पैदाशीसाठी जनावरे निवडताना याचा उपयोग करता येतो.

एफ१८ बरोबर एसटीएक्स२ई या विषाचे जनुक असेल, तर रोगाचे रूपच बदलते. हे विष आतड्यातून रक्तात जाऊन रक्तवाहिन्यांना इजा करते. पापण्या सुजतात, चाल लटपटते, आणि कित्येकदा हगवण न लागताच कळपातले सर्वांत चांगले वाढलेले पिल्लू सकाळी मेलेले सापडते.

वर्षानुवर्षे हगवणीवर उपाय म्हणून खाद्यात भरपूर झिंक ऑक्साइड किंवा कोलिस्टिन हे प्रतिजैविक घालत. २०१५ मध्ये चीनमधून, डुकरांच्या नमुन्यांसह, जिवाणूला कोलिस्टिनला दाद न देण्याची ताकद देणाऱ्या एमसीआर-१ या जनुकाचे वृत्त आले, तेही प्लास्मिडावरच. भारताने २०१९ मध्ये पशुखाद्यातील कोलिस्टिनवर बंदी घातली, तर युरोपीय संघात औषधी मात्रेतील झिंक ऑक्साइड जून २०२२ पासून बंद झाले. त्यामुळे लशींचे महत्त्व वाढले आहे, आणि तिथे जनुकांचा अहवाल थेट कामी येतो : एफ४ व एफ१८ असलेले निरुपद्रवी जिवंत जिवाणू तोंडावाटे देण्याची लस हगवणीसाठी आहे, एसटीएक्स२ई विरुद्धची टोचण्याची लस सूज येणाऱ्या रोगासाठी. कळपात कोणते जनुक फिरते आहे हे ठाऊक नसेल, तर यातली कोणती मागवायची हे पशुवैद्यकालाही सांगता येणार नाही.