पोलो ट्रॅकवर नेण्याआधी काय काय केलं : सोलापूर ते कोइमतूर

गाडी ट्रॅकवर फिरवून आणली असं कळलं की सोलापुरात पहिला प्रश्न ठरलेला, "किती एचपी काढली बे?" आणि मी सांगतो की पॉवरचं काम मी सगळ्यात शेवटी केलं, तर समोरच्याचा इंटरेस्टच संपतो. म्हणून एकदा सगळं लिहूनच काढतो. रोजची गाडी ट्रॅकसाठी तयार करायची म्हणजे निम्म्याहून जास्त काम उष्णतेचं असतं, ब्रेकची उष्णता, टायरची, ऑइलची, इंजिनात जाणाऱ्या हवेची, आणि मे महिन्यात ४२-४३ डिग्रीत पार्क चौकाच्या सिग्नलला उभं राहणाऱ्या माणसाला उष्णता काय चीज आहे हे वेगळं शिकवावं लागत नाही.

गाडी म्हणजे फोक्सवॅगन पोलो १.० टीएसआय (टर्बो पेट्रोल), तीन सिलिंडर, ९९९ सीसी, सहा गिअरची मॅन्युअल, कंपनीचे आकडे ११० पीएस आणि १७५ एनएम. सेकंडहँड घेतली कारण नवीन मिळण्याचा प्रश्नच नाही, २०२२ मध्ये पोलो भारतात बंद झाली. घरातली एकच गाडी आहे ही. हिच्यातूनच मी रोज चिंचोली एमआयडीसीला जातो, हिच्यातूनच आईला तुळजापूरला नेतो, आणि हिच्यातूनच कोइमतूरला जाऊन ट्रॅकवर पळवून परत घरी यायचं होतं. ट्रेलर वगैरे चोचले परवडणारे नाहीत. त्यामुळे जे काही करायचं ते दोन्हीकडे चाललं पाहिजे ही पहिल्यापासून अट.

सुरुवात ब्रेकपासून. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते, म्हणजे ७० वरून थांबणं आणि १४० वरून थांबणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि ट्रॅकवर हे प्रत्येक लॅपला दोन-चार ठिकाणी, मध्ये थंड व्हायला वेळ न देता. ही सगळी उष्णता डिस्कमधून पॅडमध्ये, पॅडमधून कॅलिपरमध्ये आणि तिथून ब्रेक ऑइलमध्ये जाते. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे, वाफ दाबली जाते, आणि पेडल तळाला जाऊन टेकतं पण गाडी थांबत नाही. डॉट ४ ऑइल नवीन असताना निदान २३० डिग्रीपर्यंत उकळायला नको असा नियम आहे, पण ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि साधारण पावणेचार टक्के पाणी शिरलं की हाच आकडा १५५ वर येतो. म्हणून दोन-तीन वर्षं जुनं ऑइल गाडीत असेल तर महागडे पॅड टाकूनही काही उपयोग नाही. मी रेसिंगवालं डॉट ४ मागवलं, ज्याचा कोरडा, म्हणजे पाणी न शिरलेला, आकडा ३१२ डिग्री आहे. आता हे पण पाणी पितंच, त्यामुळे आपल्या अशोक चौकातल्या मिस्त्रींना आधीच सांगून ठेवलं की सीलबंद डबा माझ्यासमोर फोडायचा, उरलेलं ऑइल ठेवून द्यायचं नाही. ते म्हणाले, "साहेब, एवढं महागाचं फेकायचं? बुलेटमध्ये घालतो की." म्हटलं घाला, पण आजच घाला.

ब्लीडिंगला, म्हणजे पाइपातलं जुनं ऑइल आणि हवा काढायला, त्यांचा पोरगा पेडलवर आणि ते खाली, "दाब... धर... सोड" असं चारही चाकांचं झालं. पोलोला मागे ड्रम आहेत, तिकडे मी फक्त शू तपासून साफ करून घेतले, कारण कडक ब्रेक मारला की वजन पुढे येतं आणि खरं काम पुढच्या डिस्कच करतात. पुढे रस्ता आणि ट्रॅक दोन्हीला चालणारे पॅड घेतले. अस्सल रेसिंग पॅड घेतले नाहीत कारण ते थंड असताना धरतच नाहीत, आणि सकाळी सकाळी होटगी रोडला रिक्षा अचानक वळली तर पॅड गरम होईपर्यंत रिक्षा थांबणार नाही. नवीन पॅड बसवले की ते बसवून घ्यावे लागतात, बिडाचा नवीन तवा पहिल्यांदा वापरायला काढतो तसंच, पॅडचा एक पातळ थर डिस्कवर सारखा चढला पाहिजे. पहाटे रिकाम्या रस्त्यावर ७० वरून २० पर्यंत दाबायचं, पूर्ण थांबायचं नाही, परत वेग घ्यायचा, असं बऱ्याचदा केलं, मग ब्रेक न लावता बराच वेळ नुसती गाडी चालवून थंड केली. गरम डिस्कवर पॅड दाबून उभं राहिलं की तिथे छाप उमटतो आणि मग स्टिअरिंग थरथरतं, लोक म्हणतात डिस्क वाकली.

अलाइनमेंटचं थोडक्यात सांगतो. सोलापुरात मशीन चांगली आहेत पण सगळे आकडे हिरवे झाले की गाडी खाली उतरवतात. मी ड्रायव्हर सीटवर बसून राहिलो, टाकी अर्धी ठेवली, आणि पुढचा टो, म्हणजे चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलीत ते, शून्यावर आणायला लावला. मागे दोन्ही चाकं जोडणारा एकच आडवा ट्विस्ट बीम आहे, तिकडे अॅडजस्ट करण्यासारखं काही नसतं. पुढचा कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, पोलोला तसा अॅडजस्टेबल नाही, सबफ्रेमचे बोल्ट ढिले करून दोन्ही बाजूंना सारखा करता येतो एवढंच. ट्रॅकसाठी आणखी निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाचा माथा आत कललेला, हवा असतो म्हणजे वळणावर टायरचा बाहेरचा खांदा खरवडत नाही, पण त्याला वर कॅम्बर प्लेट टाकावी लागते, ती आपल्या रस्त्यांवर खडखड करते. नाही टाकली. सस्पेन्शनही कंपनीचंच ठेवलं, फक्त बुश आणि शॉकअॅब नवीन. गाडी दोन इंच खाली बसवून सोलापूरच्या स्पीडब्रेकरवरून जाणाऱ्यांना माझा नमस्कार आहे.

आता पॉवर. आणि इथे मला सगळ्यात जास्त लिहायचंय.

टर्बो गाडीचा रिमॅप म्हणजे ढोबळमानाने बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, वाढवायचा, त्याप्रमाणे पेट्रोल वाढवायचं आणि ठिणगी कधी पडायची ते बदलायचं. अडचण अशी की हवा दाबली की तापते, तापलेलं मिश्रण ठिणगीची आग पोचायची वाट न बघता स्वतःच पेटायला बघतं, याला नॉकिंग. इंजिनावर नॉक सेन्सर असतो, तो ऐकतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, त्या सिलिंडरची ठिणगी काही डिग्री उशिरा टाकतो. इंजिन वाचतं, पॉवर जाते. म्हणजे लॅपटॉपवर कागदोपत्री कितीही एचपी दिसू दे, आत जाणारी हवा गरम असेल तर ईसीयू ती परत काढून घेणारच. पुण्यात डायनोवर, म्हणजे पॉवर मोजायच्या मशीनवर, हे डोळ्यांनी बघितलं. पहिला पुल, म्हणजे पूर्ण रेस देऊन घेतलेली एक मोजणी, चांगला, लगेच दुसरा घेतला तर कमी, तिसरा आणखी कमी, आणि लॉगमध्ये, म्हणजे सेन्सरच्या नोंदीत, बघितलं तर इनटेकचं तापमान पायरी पायरीने चढतंय आणि तिन्ही सिलिंडरचं ठिणगीचं टायमिंग मागे सरकतंय. डायनोवाले आकडा २५ डिग्रीच्या हिशोबाने दुरुस्त करून देतात, त्यामुळे कागदावर सगळं छान दिसतं. मी ट्यूनरला म्हटलं मला पहिल्या पुलचा प्रिंटआउट नको, शेवटच्या पुलचा दाखवा, त्यावर मॅप करू. तो हसला, पण केलं त्याने तसं.

दुसरं पेट्रोल. आता पंपावर ई-२० आहे, म्हणजे टाकीतला पाचवा हिस्सा इथेनॉल, कोण जाणे त्यातला थोडा माढा-माळशिरसच्याच उसाचा असेल. इथेनॉलला शिव्या देणारे खूप आहेत आणि मायलेजच्या बाबतीत त्यांचं खरं आहे, लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. पण नॉकिंगच्या बाबतीत ते उलट मदत करतं, त्याचा ऑक्टेन, म्हणजे नॉकिंगला दाद न देण्याचा आकडा, शंभरच्या वर आहे आणि वाफ होताना ते बरीच उष्णता ओढून घेतं, त्यात टीएसआयमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्येच फवारलं जातं, मिश्रण आतल्या आत थंड होतं. फक्त हिशोब बदलतो. शुद्ध पेट्रोलला एका भागामागे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९, म्हणजे ई-२० ला साडेतेराच्या आसपास, म्हणून इंजेक्टरला जास्त वेळ उघडं राहावं लागतं, आणि लॉगमध्ये फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयूने पेट्रोलमध्ये केलेली दुरुस्ती, प्लसमध्ये दिसतो. माझी गाडी ई-२० यायच्या आधीची, त्यामुळे ट्यूनिंगआधी सगळ्या लॉगला एकच पेट्रोल भरायचं हे ठरवलं. १०० ऑक्टेनवालं मोठ्या शहरांत मिळतं, लिटरला दीडशेच्या पुढे, पण कोइमतूरच्या वाटेवर चित्रदुर्गला ते मिळालं नाही तर काय करायचं? म्हणून मॅप ९५ ऑक्टेनवर. वाटेत जे हमखास मिळतं त्यावर गाडी ट्यून असावी हे माझं स्पष्ट मत, शंभरवाल्याचे चार-पाच एचपी मला नकोत.

तिसरी गोष्ट टॉर्क. या गाडीचा गिअरबॉक्स एमक्यू २००, नावातला २०० म्हणजे साधारण २०० एनएमच झेपतं. ट्यूनर लोकांना खालच्या आरपीएमला टॉर्कचा डोंगर उभा करायला आवडतो कारण गाडी एकदम उचलते आणि गिऱ्हाईक खूश होतं, पण थेट इंजेक्शनच्या छोट्या टर्बो इंजिनात कमी आरपीएम आणि जास्त बूस्ट हीच वेळ ठिणगीआधीच मिश्रण पेटण्याची, त्यात पिस्टनसुद्धा जातो. मी टॉर्क २०० च्या आतच ठेवायला सांगितला आणि वाढ वरच्या आरपीएमला घेतली. रस्त्यावर फरक फारसा कळत नाही, ट्रॅकवर तुम्ही वरच असता.

कायद्याचं पण सांगतो कारण कुणीच सांगत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीचे मूळ तपशील परस्पर बदलता येत नाहीत, सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये हेच ठणकावून सांगितलं, आणि कलम १८२ए मध्ये प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. म्हणून सायलेन्सर, कॅट (धूर साफ करणारा कन्व्हर्टर) सगळं कंपनीचं, आणि ट्यूनरकडून ईसीयूच्या दोन फाइल घेतल्या, रस्त्यावर कंपनीची मूळ, ट्रॅकवर पोचल्यावर दुसरी, निघताना परत मूळ. आणि विम्याचं, नेहमीच्या पॉलिसीत रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग बसत नाही, ट्रॅकवर ठोकली तर खर्च सगळा आपला, हे घरी सांगूनच निघा.

सोलापुरातली गड्ड्याची जत्रा संपली आणि निघालो. विजापूर, होस्पेट, चित्रदुर्ग, बंगळूर, कृष्णगिरी, सेलम, कोइमतूर. डिकीत टॉर्क रेंच, टायर गेज, ब्रेक ऑइलचा जादा डबा, एक लिटर इंजिन ऑइल, आणि आईने दिलेली कडक भाकरी आणि शेंगा चटणी, जी सगळ्यात आधी संपली.

करी मोटर स्पीडवे शहराबाहेर चेट्टीपाळ्यमला, साधारण २.१ किलोमीटरचा. एस. करिवर्धन यांचं नाव दिलंय, ज्यांनी मारुती ८०० चं इंजिन टाकून फॉर्म्युला मारुतीच्या गाड्या बनवल्या. पहिला भारतीय एफ-वन ड्रायव्हर नारायण कार्तिकेयनही कोइमतूरचाच. गिरण्यांचं गाव आहे तेही, आपल्यासारखंच, पण तिथल्या लेथवर रेसिंगचे पार्ट निघाले आणि आपण चादरीवर थांबलो, असं एक उगाच मनात आलं.

तिथे पोचल्यावर आधी डिकी, स्टेपनी, मॅट, बाटल्या सगळं बाहेर. चाकाचे बोल्ट टॉर्क रेंचने १२० एनएमला, पाइप लावून वर उभं राहायचं नाही. टायरची हवा ही खरी जागेवर बसवायची गोष्ट. दहा डिग्रीला साधारण दीड पीएसआय फरक पडतो, आणि ट्रॅकवर टायर दहा नाही, पन्नास डिग्रीने तापतो. थंडला ३० भरली होती, पहिल्या सेशननंतर पुढच्या टायरांत ३७, गाडी वळणावर नाक बाहेर काढत होती. गरम असतानाच ३३ ला सोडली आणि पुढच्या सेशनला गाडी वळायलाच लागली, फुकटात, एक रुपया न घालता. टायरच्या कडेला खडूने रेघ मारून ठेवली होती, ती कुठपर्यंत पुसली जाते त्यावरून खांद्यावर किती लोळतोय ते कळतं.

चार-पाच लॅप जोरात, मग एक लॅप हळू, ब्रेकला हात न लावल्यासारखा. पिटमध्ये आलं की हँडब्रेक ओढायचा नाही, गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ दिली नाही, लांब वळणात पेट्रोल एका बाजूला जातं. पेडल दिवसभर जसंच्या तसं कडक राहिलं. बाजूला एक भारी जर्मन सेडान होती, माझ्या तिप्पट पॉवरची, दुपारनंतर ती पिटमध्येच बोनेट उघडून उभी. मी आपला गोल गोल चालूच.

संध्याकाळी मूळ फाइल टाकली आणि टायरमध्ये हवा परत भरली, हे फार महत्त्वाचं, कारण गरम असताना सोडलेली हवा रात्री थंड झाली की २६-२७ वर येते आणि तशाच टायरवर हजार किलोमीटर हायवे म्हणजे अंगावर घेणं.

सोलापूरला आल्यावर मिस्त्रींनी चाकं काढली. पुढचे पॅड निम्म्याच्या थोडे वर उरलेत, डिस्कला बारीक रेषा आहेत पण चीर नाही, टायरचे बाहेरचे खांदे अपेक्षेप्रमाणे खाल्लेत म्हणून पुढचे मागे आणि मागचे पुढे केले. इंजिन ऑइल लगेच बदललं, ब्रेक ऑइल पावसाळा संपल्यावर बदलायचं. एक गोष्ट लॉगमध्ये दिसली, दुपारच्या सेशनला इनटेकचं तापमान सकाळपेक्षा बरंच वर होतं आणि टायमिंग थोडं मागे आलेलं. या गाडीचा इंटरकूलर, म्हणजे टर्बोची हवा थंड करणारा भाग, पाण्याचा आहे, इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला, त्यामुळे तो मोठा करणं सोपं नाही, पण त्याच्या पाण्याचा पुढचा रेडिएटर जाळीत अडकलेल्या चिलटांनी आणि धुळीने भरला होता. तो धुऊन घेतलाय. आता मे महिन्यात परत लॉग घेणार, ४३ डिग्रीत टायमिंग जागेवर राहिलं तर रेडिएटरचा खर्च वाचला.