तुम्ही विचारलंत म्हणून : खुब्याचा सांधा बदलल्यानंतर

खुब्याचा सांधा बदलून घेतल्याचे कळले की बहुतेक जण विचारतात, "पुन्हा पूर्ववत व्हायला किती दिवस लागले?" तुम्हीही तेच विचारलेत. याचे एका आकड्यात उत्तर देता येत नाही, कारण चालणे, बसणे, झोपणे, गाडी चालवणे ही कामे एकाच दिवशी परत मिळत नाहीत.

चालणे सर्वांत आधी येते. शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे करतात, आणि वर्षानुवर्षे झोप मोडणारी सांध्याची ठणक गेलेली असते. उरते ती जखमेची वेदना. माझ्या मते काळजी घ्यायची ती इथेच, कारण दुखणे थांबले म्हणजे आपण बरे झालो असे वाटू लागते, पण सांध्याभोवतीचे स्नायू आणि आवरण तेव्हा भरून आलेले नसते.

माझी शस्त्रक्रिया मागच्या बाजूने झाली होती. अशा वेळी खुब्यात ९० अंशांहून जास्त वाकू नका, पायावर पाय टाकू नका, पाऊल आत वळवू नका, असे बजावतात. नाहीतर कृत्रिम सांध्याचा गोळा वाटीतून निसटू शकतो आणि ही भीती पहिल्या काही आठवड्यांत सर्वाधिक असते. पुढच्या बाजूने शस्त्रक्रिया झालेल्यांची पथ्ये वेगळी असतात, म्हणून दुसऱ्याची यादी उचलू नये, आपल्या सर्जनलाच विचारावे.

९० अंश ऐकायला पुष्कळ वाटतात, पण सरळ पाठीच्या खुर्चीत ताठ बसलेल्या माणसाचा खुबा तेवढाच वाकलेला असतो. म्हणजे मऊ, खोल सोफा बाद, कमोडवर उंच सीट हवी, आणि खुर्चीतून उठताना ऑपरेशनचा पाय पुढे सरकवून हातांवर भार द्यायचा. मोजा घालण्यासाठी दोन लांब नाड्या लावलेली प्लॅस्टिकची पन्हळ मिळते. मोजा तिच्यावर चढवून ती जमिनीवर टाकायची, पाऊल आत सरकवायचे आणि नाड्या ओढायच्या. पहिल्या काही वेळा टाच नेमकी वरच्या बाजूला येते! खाली पडलेली वस्तू उचलायला लांब दांड्याचा चिमटा लागतो, आणि वस्तू आपल्या हातून किती वेळा पडतात हे तेव्हाच लक्षात येते.

जिने चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. हे आठवडाभरात अंगवळणी पडते. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून दिलेली औषधे मात्र बरे वाटले तरी सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्यायची, आणि पोटरी अचानक सुजून दुखू लागली किंवा धाप लागली तर तासभरही वाट पाहायची नाही. संध्याकाळी पायावर थोडी सूज येणे कित्येक महिने चालू राहते. गाडी चालवायची परवानगी साधारण ६ आठवड्यांनी मिळते, पण वेदनाशामक गोळ्यांची गुंगी गेलेली हवी आणि ब्रेक झटकन दाबता यायला हवा. पळणे आणि उड्या मारणे बहुतेक सर्जन टाळायला सांगतात. चालणे, पोहणे आणि सायकल पुरेशी आहेत.

काठीबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण लोक ती दुखऱ्या पायाच्याच हातात धरतात. ती विरुद्ध हातात हवी. एका पायावर उभे असताना ओटीपोटाचे हाड समतल राखायचे काम त्याच पायाच्या खुब्याबाहेरचे स्नायू करतात. ते कमकुवत असले की ओटीपोटाचे हाड दुसऱ्या बाजूला खाली झुकते आणि लंगड येते. विरुद्ध हातातली काठी त्या स्नायूंचा भार हलका करते. सांधा नवा असला तरी हे स्नायू आपलेच, आणि दुखण्याच्या काळात वापराविना रोडावलेले असतात. म्हणून कुशीवर झोपून किंवा उभे राहून पाय बाजूला उचलण्याचा कंटाळवाणा व्यायाम फिजिओथेरपिस्टने सांगितल्यापासून महिनोन्‌महिने करावा लागतो. काठी कधी सोडलीत, असे कोणी विचारले तर मी तारीख सांगत नाही. आरशासमोर न लंगडता चालता आले तेव्हा सोडली, एवढेच सांगतो.