गाठींच्या गल्लीतून पळालो ती सकाळ

४ डिसेंबर २०२४, सकाळचे ७ वाजून २७ मिनिटं. वेळ पाठ आहे कारण त्या दिवशी सगळ्यांच्या मोबाईलवर तीच फिरत होती. मी चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याकडे एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायच्या कारखान्यात, सुपरवायझर आहे. कापसाचा सीझन ऐन भरात, रात्रपाळी सुटायला अर्धा तास राहिलेला, बाहेर थंडी अन् गेटवर कापसाच्या गाड्यांची लाईन. मी गोडाऊनमध्ये गाठी मोजत होतो अन् पायाखालून घरघर आली. आधी वाटलं गाठी दाबायच्या प्रेसचा पंप बिघडला, कारण जिनिंगमध्ये जमीन तशीही थरथरतच असते, त्यामुळे आम्हाला कळायलाच उशीर झाला. मग वरचे टिन वाजले, लाईट डोलायला लागले अन् कोणीतरी ओरडलं, "पळा रे, भूकंप हाये!"

अन् आम्ही पळालो, सगळे एकाच वाटेनं.

दर सीझनच्या आधी आमच्याकडे आगीचं ट्रेनिंग होतं. वाळूच्या बादल्या, सिलेंडर, बिडी बंद, धूर दिसला की शटरकडे पळायचं. तेच अंगात भिनलेलं. पण शटरकडे जायची वाट गाठींच्या दोन थप्प्यांमधून, जेमतेम तीन फुटांची गल्ली. एक गाठ १७० किलोच्या आसपास, वरून लोखंडी पट्ट्या आवळलेल्या, अन् अशा सहा सहा एकावर एक. त्या गल्लीत आम्ही चौदा माणसं शिरलो.

एकच माणूस पळाला नाही. आमचे प्रेस फिटर मामा, मूळचे लातूर जिल्ह्यातल्या औश्याकडचे, म्हणजे किल्लारीच्या भागातले. ते थप्पीपासून लांब मोकळ्या फरशीवर गुडघ्यावर बसले, डोक्यावर हात घेतले अन् ओरडत राहिले, "गाठीत शिरू नका!" आमच्या कानात काही शिरलं नाही. तेवढ्यात गल्लीत समोरून कचरा निवडणारी एक बाई उलटी आत घुसली, कारण तिचं सात महिन्यांचं लेकरू गोडाऊनच्या कोपऱ्यात झोळीत होतं. "माह्यं लेकरू हाये थ्या बाजूनं!" एवढंच ती म्हणत होती. चौदा जण बाहेर ढकलताहेत अन् ती एकटी आत.

काही सेकंदात सगळं थांबलं. लेकरू झोपेतच होतं. मी परत गल्लीत गेलो अन् वर पाहिलं तर अंगावर काटा आला. उजव्या हाताची थप्पी आदल्या रात्री घाईत लावली होती, तिची सगळ्यात वरची गाठ अर्धा फूट बाहेर आलेली, बरोबर आमच्या वाटेवर.

मामा तोवर पॅनेलकडे गेले होते, कारण सगळे जिन तसेच चालू होते. मेन बंद करायचं कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. एखादी वायर तुटून ठिणगी पडली असती तर उघड्या कापसाला पेटायला किती वेळ लागतो हे जिनिंगवाल्याला सांगायला नको.

केंद्र तेलंगणातल्या मुलुगूला होतं, ५.३ चा, ४० किलोमीटर खोल. आपल्याकडे भूकंप होत नाही असं मीही म्हणायचो, २०२४ मध्ये भूकंपाच्या धोक्याच्या सरकारी नकाशात विदर्भाचा बराच भाग कमी धोक्याच्या झोन २ मध्ये होता म्हणून. पण मामांनी सांगितलं की किल्लारी तर तिथं भूकंप झाला तेव्हाच्या नकाशात त्याहूनही खाली, झोन १ मध्ये होती. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास, गणपती विसर्जन करून लोक झोपलेले. मातीत रचलेल्या दगडी भिंती अन् वर मातीचं जड माळवद, त्याखाली हजारो माणसं गेली. मामा तेव्हा दहा वर्षांचे होते. अन् आपला कोळसा ज्या खोऱ्यात आहे तेच वर्धा-प्राणहिता-गोदावरीचं खोरं खाली भद्राचलमकडे जातं, तिथं १९६९ लाच ५.७ चा झाला होता. म्हणजे हे काही नवीन नाही, आपण विसरलो.

त्याच आठवड्यात मालकांशी माझी चांगलीच वाजली. थप्पी कमी उंच केली तर माल कुठं ठेवायचा, हे त्यांचं म्हणणं, अन् सीझनमध्ये ते खोटंही नाही. मी सरकलेल्या गाठीचा फोटो दाखवला, तेव्हा ते गप्प बसले. आता चारच्या वर गाठ चढत नाही, लावताना विटांसारखी सांधा मोडून आडवी-उभी लावतो, गल्ली सहा फूट. धक्का बसला की गल्लीत असलेल्यानं जवळच्या मोकळ्या जागेत यायचं, खाली बसायचं, डोकं-मान हातांनी झाकायची अन् हलणं थांबेपर्यंत तिथंच. दाराशीच असाल तर बाहेर, पण भिंत अन् विजेच्या तारांपासून लांब. पॅनेलजवळचा माणूस, हात पोचत असेल तरच, लाल बटण दाबतो, नाहीतर थांबल्यावर मेन पाडायचा. मग गाड्यांच्या वजनकाट्याजवळ हजेरी अन् मी थप्प्या पाहिल्याशिवाय आत कोणी नाही, मोबाईल राहिला तरी नाही. अर्धे मजूर तेलुगू बोलणारे, म्हणून हे सगळं त्यांच्यातल्याच एकाकडून तेलुगूत सांगून घेतो.

पण त्या बाईला कोणता नियम सांगणार होतो मी? लेकरू आत असलं तर कोणतीही आई आतच धावणार. म्हणून झोळ्या गोडाऊनमधून काढल्या. काट्याच्या बाजूला मोकळ्यात नवीन लोखंडी खांब रोवून वर हलकं टिन टाकलं, थंडीसाठी तीन बाजूंनी ताडपत्री. आता पाळीला आलेल्या बाया आधी तिथं झोळी बांधतात अन् मग आत येतात.