आमची वाटचाल : पहिलं कास्टिंग बघितल्याशिवाय बिल नाही

फाउंड्रीला, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्याला, पॅटर्न करून देणं हा आमचा धंदा. बाहेरच्या माणसाला एवढं सांगितलं की तो मान डोलावतो आणि विषय बदलतो, म्हणून जरा खुलासा करतो. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, एखादा भाग ओतायचा तर आधी त्याच आकाराचा लाकडी किंवा ॲल्युमिनियमचा नमुना लागतो. तो वाळूत ठोकून बसवायचा, अलगद उचलायचा, आणि मागं राहिलेल्या पोकळीत भट्टीतला रस ओतायचा. आतून पोकळ भाग हवा असेल तर वाळूचाच कोअर, म्हणजे आत ठेवायचा गाभा, आणि तो पाडायला वेगळा कोअर बॉक्स. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यातल्या फाउंड्र्यांच्या जिवावर आमच्यासारखी छोटी दुकानं चालतात. खरं तर त्यांचंही आमच्यावाचून पान हलत नाही, पण हे त्यांच्यासमोर बोलायचं नसतं.

शिवाजी उद्यमनगरातलं आमचं दुकान १९८१ साली अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी काढलं. अण्णा मूळचे भुदरगड तालुक्यातले, सुताराच्या घरातले. नांगर, बैलगाडीची चाकं, दारं-चौकटी हे हातात बसलेलं. शाळा सातवीपर्यंत. ते कोल्हापुरात आले तेव्हा उद्यमनगरात ऑइल इंजिनांचा जोर होता. नदीकाठी ऊस वाढत होता, त्याला पाणी उपसायला इंजिन आणि पंप हवे, गुऱ्हाळाला चरक हवे, आणि हे सगळं इथंच ओतलं जायचं. एका जुन्या पॅटर्न मेस्त्रींच्या हाताखाली ते राहिले. पहिली काही वर्षं रंधा मारणं आणि पॉलिश पेपर घासणं, बस्स. मग मेस्त्रींनी त्यांच्या हातात पट्टी दिली.

ती पट्टी अजून दुकानात आहे. दिसायला साधी फुटपट्टी, पण तिच्यावरचा एक फूट म्हणजे खरे बारा इंच आणि वर एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. बीड गार होताना फुटाला साधारण एक सूत आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठाच करायचा. या पट्टीनं मापलं की हिशेब करत बसावं लागत नाही. स्टीलची पट्टी वेगळी, तिथं आकस जवळजवळ दुप्पट. आणि लाकडी मास्टरवरून ॲल्युमिनियमचा पॅटर्न ओतून घ्यायचा असेल तर दोन्ही धातूंचा आकस धरायचा. यात भले भले डिप्लोमावाले गोंधळतात. अण्णा तोंडी सांगायचे.

माझी मुलगी सहावीत असताना तिनं हीच पट्टी उचलून भूमितीच्या वहीला वापरली. पट्टीच्या दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर आहेत, त्यामुळं कुणालाच पत्ता नाही. दहा सेंटिमीटरची रेघ एक मिलिमीटर जास्त, आणि बाईंनी पानभर लाल फुल्या मारलेल्या. पोरगी रडत घरी आली. दुसऱ्या दिवशी अण्णा धुतलेला शर्ट घालून, पट्टी पिशवीत घेऊन शाळेत गेले आणि बाईंना म्हणाले, "पोरीचं बरोबर हाय, पट्टी बिडाची हाय." बाईंनी म्हणे पुढचा अर्धा तास वर्गाला ओतकाम ऐकवलं. मार्क काही वाढवले नाहीत.

अण्णांचा एक नियम होता आणि दुकानाची सगळी पत त्या नियमावर उभी आहे. पॅटर्न पोचवला म्हणजे काम संपलं, असं ते मानत नसत. पहिलं कास्टिंग, म्हणजे ओतून निघालेला पहिला नग, स्वतः बघितल्याशिवाय बिल करायचं नाही. तेव्हा विजेचा दर रात्री कमी असायचा, म्हणून पुष्कळ भट्ट्या रात्री चालायच्या. अण्णा रात्री लुनावरून शिरोलीला जायचे. रस ओतताना लांब उभे राहायचे, वाळू फोडून माल बाहेर पडला की कॅलिपर लावायचे. पंपाची बॉडी असेल तर पहिला नग मधून कापायला लावायचे. भिंत एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ दिसली की कोअर सरकलाय हे कळतं. मग तिथंच कोअर प्रिंटवर, म्हणजे पॅटर्नच्या ज्या भागानं कोअर टेकायची जागा पडते त्यावर, पेन्सिलीनं खूण करून पॅटर्न लुनाला बांधून परत. फाउंड्रीचा मालक म्हणायचा, "मेस्त्री, चालतंय की, मशिनिंगमध्ये निघंल." अण्णा ऐकून घ्यायचे आणि पॅटर्न उचलायचे.

व्यवहारात हे परवडणारं नव्हतं, हे मी आजही म्हणतो. पैसे महिनोन्महिने अडकायचे. एका फाउंड्रीनं तर कास्टिंग उत्तम आलं तरी आमची रक्कम बुडवली, तेव्हा आई काही दिवस अण्णांशी बोललीच नाही. पण तिथला फोरमन पुढं दुसरीकडे लागला आणि तिथलं सगळं काम त्यानं आमच्याकडं आणलं. हे पुण्याईनं झालं असं कुणी म्हणेल. मला वाटतं, त्या फोरमनला रात्रीची झोप हवी होती.

मशीन घ्यायचा आग्रह अण्णांचाच. मी कर्जाला बिचकत होतो. म्हातारी माणसं कॉम्प्युटरला घाबरतात असा समज आहे, आमच्याकडं उलटं झालं. व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं कोरकामाचं मशीन, आलं तेव्हा ते प्रोग्रॅमरच्या शेजारी स्टूल टाकून बसायचे. स्क्रीनवर चकचकीत मॉडेल फिरताना बघून सगळे खूश, आणि अण्णांनी विचारलं, "ह्ये वाळूतनं निघणार कसं?" उभ्या भिंतींना टेपर, म्हणजे किंचित उतारच दिला नव्हता. तसा पॅटर्न उचलताना वाळूची कड मोडून घेऊन आला असता.

घरात मात्र हा माणूस वेगळा. मला लहानपणी त्यांचा धाकच जास्त, लाड नातवंडांच्या वाट्याला आले. पहाटे दोघांना गंगावेशीत नेऊन म्हशीचं धारोष्ण दूध पाजायचं, हे शाळा संपेपर्यंत चाललं. मोठेपणी नातवाला फुटबॉलचा नाद लागला. कोल्हापुरात तो न लागला तरच नवल. शाहू स्टेडियमवर सामना असला की अण्णा टोपी घालून त्याच्याबरोबर हजर. इथले संघ पेठांतल्या तालमींचे, पण आपण कुठल्या तालमीच्या बाजूचे हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. नातवानं फारच छळलं तर म्हणायचे, "गिऱ्हाईक सगळ्या पेठांत हाय रं बाबा."

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं, शिरोलीकडचा रस्ता कित्येक दिवस बंद राहिला. मी अडकलेल्या मालाच्या काळजीत. अण्णांनी दुकानाचा माळा रिकामा करून चिखली-आंबेवाडीकडच्या कामगारांच्या घरच्यांना तिथं आणलं आणि आईला मोठं पातेलं काढायला सांगितलं. नंतर त्यावर एक शब्द नाही.

गेल्या वर्षी पावसाळ्यात अण्णा गेले. भेटायला फाउंड्रीचे मालक आले, ते येणारच. मला अपेक्षा नव्हती ती मोल्डरांची. वाळूत बसून साचे भरणारी माणसं, त्यातले बरेच आता निवृत्त. त्यातल्या एकानं विचारलं, "मेस्त्री मागं लिवायचे ते तुमी लिवतासा का?" मला कळेना. दुकानात येऊन जुने पॅटर्न उलटे करून बघितले. जवळजवळ प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीनं, सुतारी अक्षरात, मोल्डरसाठी ओळ : 'हिकडची बाजू आधी ठोका', 'कान नाजूक, सरळ वर उचला', 'कोअर उलटा बसतो, खूण बघा'. इतकी वर्षं शेजारी बसून मला हे माहीत नव्हतं, कारण माझं लक्ष पॅटर्नच्या समोरच्या बाजूला. आता आम्ही पाठीवर पार्ट नंबर मशीननं कोरतो आणि त्याखाली तशी ओळही कोरतो. मोल्डर आता बहुतेक बिहार-ओडिशाकडचे, म्हणून हिंदीत.

आज दुकानात दोन व्हीएमसी आहेत. मशीन मोल्डिंगसाठी ॲल्युमिनियमच्या प्लेटा हे मुख्य काम. लाकूडकाम एका जुन्या मेस्त्रीपुरतं उरलंय. नवीन पोरं आयटीआयमधून येतात, शिकतात आणि जास्त पगारावर कागलला जातात, त्याला इलाज नाही. मुलगी मेकॅनिकल होऊन डिझाइनला बसली आहे. टेपर विसरत नाही. गेल्या महिन्यात तिनं पगार वाढवून मागितला. अण्णा असते तर आधी हातानं एक कोअर बॉक्स करून दाखव म्हणाले असते, आणि मग माझ्या नकळत स्वतःच्या खिशातून दिले असते. मी नुसती वाढ दिली.