तुम्ही विचारलंत म्हणून: मशीनवर बसून मी रग्बी का बघतो

डायलिसिसचे चार तास. डाव्या हातात सुया, तो हलवायचा नाही. मग उजव्या हातात मोबाइल. शेजारच्या खुर्चीतले काका मान वाकडी करून बघतात आणि विचारतात, "हा कोण हो पैलवान? क्रिकेट सोडून हे काय बघता?" सिस्टरांनी विचारलं, मेहुण्यानं विचारलं, आता तुम्हीही. म्हणून सांगतो.

हा जोना लोमू. न्यूझीलंडचा, आईवडील टोंगाचे. उंची १.९६ मीटर, वजन १२० किलोच्या आसपास, आणि खेळायचा विंगर म्हणून. म्हणजे कडेला उभं राहायचं, चेंडू हातात आला की सुसाट सुटायचं. एवढ्या अंगाचा माणूस त्या जागेवर तोवर कुणी फारसा पाहिलेला नव्हता.

१८ जून १९९५, केपटाऊन, विश्वचषकाची उपान्त्य फेरी, समोर इंग्लंड. सामना नुकताच सुरू झालाय. पास नीट येत नाही, चेंडू लोमूच्या मागे टप्पा खातो. तो वळून उचलतो, एकाला बाहेरून मागे टाकतो. दुसरा मागून पायाला हात लावतो, लोमू अडखळतो, आता तोंडावर पडणार असं वाटतं. समोर शेवटचा माणूस, माइक कॅट. लोमू त्याला चुकवायच्या भानगडीतच पडत नाही, सरळ त्याच्या अंगावरून जातो. ट्राय! (म्हणजे चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा, की गुण.) त्या दिवशी असे चार. वय वीस.

त्याच वर्षाअखेर निदान झालं: नेफ्रॉटिक सिंड्रोम. मूत्रपिंडाची गाळणी सैल होते, प्रथिनं लघवीवाटे जातात, अंगावर सूज येते. (ही सूज मला चांगली ठाऊक आहे. सकाळी चप्पल घट्ट होते.) मधे उपचारासाठी त्याला खेळ थांबवावा लागला, पण २००२ पर्यंत तो न्यूझीलंडकडून खेळला. एकूण ६३ कसोट्या (रग्बीत देशादेशांमधले सामने), ३७ ट्राय. १९९९च्या विश्वचषकात आठ ट्राय केले, १९९५ पेक्षा एक जास्तच. लोक कॅटवालीच क्लिप फिरवतात. मला मात्र जुलै २००० मधलं सिडनी जास्त आवडतं. १,०९,८७४ प्रेक्षक, सामना संपत आलेला, ऑस्ट्रेलिया एका गुणानं पुढे. लोमू कडेच्या रेषेला चिकटून, पाय आत ठेवत निसटतो, ट्राय. न्यूझीलंड ३९-३५ नं जिंकतं. आजार अंगात असताना.

२००३ मध्ये डायलिसिस. जुलै २००४ मध्ये वेलिंग्टनचे रेडिओ निवेदक ग्रँट केरेआमा यांनी त्याला आपली किडनी दिली आणि डिसेंबर २००५ मध्ये गडी वेल्समधल्या कार्डिफच्या क्लबकडून पुन्हा मैदानात उतरला. देशाच्या संघात काही परत आला नाही.

काकांना मी इथपर्यंतच सांगतो. काकूंच्या तपासण्या चालू आहेत, किडनी जुळते का बघायला. पुढचं तुम्हाला सांगतो: ती किडनी २०११ मध्ये निकामी झाली, लोमू पुन्हा डायलिसिसवर आला. २०१५च्या विश्वचषकासाठी ब्रिटनला जाऊन आला आणि परतल्यावर लगेच, १८ नोव्हेंबरला, ऑकलंडमध्ये वारला. चाळीस वर्षांचा होता.

परवा मशीन बीप करायला लागलं, सिस्टर येईपर्यंत काका म्हणाले, "ते परत लावा बरं, पडता पडता सावरतो ते."