मुंजीची कॅसेट संगणकावर घेताना

आमच्या नौपाड्यातल्या घराच्या माळ्यावर धाकट्या भावाच्या मुंजीची, 1993 सालची, व्हीएचएस कॅसेट होती. काही वर्षांपूर्वी ती एका दुकानातून डीव्हीडीवर करून घेतली होती. पण त्या डीव्हीडीत बटू जरा हलला की त्याच्या कडांना कंगव्याचे दात फुटत आणि चित्र आडवे ताणले गेल्यामुळे सगळी पाहुणेमंडळी एकजात लठ्ठ दिसत. म्हणून यंदा पावसाळ्याआधी हे काम मी स्वतःच हाती घेतले.

खरी अडचण व्हीसीआरची, म्हणजे कॅसेट चालवणाऱ्या यंत्राची. जपानच्या फुनाई कंपनीने 2016 मध्ये उत्पादन थांबवल्यापासून नवा व्हीसीआर मिळण्याचा प्रश्नच उरलेला नाही, त्यामुळे मामांकडचा जुना दुरुस्त करून घेतला. कॅसेट आत घालण्यापूर्वी तिच्या खिडकीतून टेपची गुंडाळी उजेडात नीट पाहिली, कारण ठाण्याच्या दमट हवेत टेपच्या कडेला पांढरी बुरशी धरते आणि तशी कॅसेट लावली, तर बुरशी व्हीसीआरच्या हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, चिकटून पुढच्या कॅसेटलाही लागते. (आमच्या लग्नाची कॅसेट तशीच निघाली. ती बाजूला ठेवली आहे. घरात अद्याप सांगितलेले नाही.)

मुंजीची कॅसेट मात्र स्वच्छ होती. ती एकदा शेवटापर्यंत पुढे नेऊन रिवाइंड केली, म्हणजे घट्ट बसलेले वेढे मोकळे होतात, आणि व्हीसीआरच्या पिवळ्या, पांढऱ्या व लाल पिना यूएसबी कॅप्चर कार्डाला, म्हणजे व्हीसीआरचे चित्र संगणकात घेणाऱ्या उपकरणाला, जोडल्या. पहिल्या प्रयत्नात चित्र कृष्णधवल आले, कारण सॉफ्टवेअरमध्ये अमेरिकेतली एनटीएससी ही चित्रणपद्धत निवडलेली होती. आपल्याकडचे चित्रण पॅल पद्धतीचे, म्हणजे 576 दृश्य रेषांचे आणि सेकंदाला 25 चित्रांचे. त्यातले प्रत्येक चित्रही एकसंध नसते: आधी एकाआड एक रेषा टिपल्या जातात आणि उरलेल्या रेषा सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने नंतर. हे दोन क्षण संगणकावर एकत्र दाखवले की कंगव्याचे ते दात उमटतात. म्हणून मूळ फाइल रेषांना हात न लावता, दर्जा न घटवणाऱ्या स्वरूपात साठवली, ज्याला तासाला सुमारे 30 जीबी जागा लागते; नातेवाइकांना पाठवायच्या प्रतीत तेवढे रेषांच्या प्रत्येक संचाचे स्वतंत्र चित्र करून सेकंदाला 50 चित्रे केली आणि चित्राच्या रुंदी-उंचीचे प्रमाण 4:3 ठेवले. पाहुणे पुन्हा बारीक झाले.

तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात, तिथे घाई चालत नाही. दुकानदाराने बहुधा टेपचा कोरा भाग येऊन पडदा निळा झाल्यावर काम थांबवले असावे, कारण डीव्हीडी तिथेच संपते. मी टेप चालू ठेवून भाजी निवडत बसलो. अकरा मिनिटांनी अचानक पंगतीचा गलबला ऐकू आला, आणि पाहतो तर आजी पातेल्यात डोकावून वाढप्याला विचारत होती, "मठ्ठा पुरेल ना रे?"